घाटाखालच्या वळणावर ओजीएफसी घालावा का?

प्रश्न थोडक्यात असा. कोकणात उतरणाऱ्या एका चौपदरी रस्त्यावर, घाट संपतो तिथपासूनच्या १.८ किमी पट्ट्यात दर पावसाळ्यात गाड्या घसरतात. एका बाजूचा डांबरी भाग ७ मीटर रुंद, वेगमर्यादा ताशी ८० किमी, सुरुवातीला घाटाचं शेवटचं तीव्र वळण, मध्ये एक लांब वळण आणि शेवटी गावाचा फाटा. सल्लागाराने ४० मिमी जाडीचा ओपन ग्रेडेड फ्रिक्शन कोर्स, म्हणजे ओजीएफसी (पाणी आत शिरू देणारा सच्छिद्र डांबरी थर), सुचवला आहे. ठेकेदार म्हणतो, "साहेब, हे सीलकोट न मारलेलं कार्पेटच, आपण रोज टाकतो." (कार्पेट म्हणजे नेहमीचा पातळ डांबरी थर, सीलकोट म्हणजे त्यात पाणी शिरू नये म्हणून वर मारायचा लेप.) कनिष्ठ अभियंत्याने विचारलंय की याने पकड खरंच वाढेल का, डिझाइन कसं करायचं, आणि साइटवर कशावर नजर ठेवायची.

पकड वाढेल, पण १.८ किमीच्या सगळ्या लांबीवर नाही. सच्छिद्र थराचं सारं बळ पाण्याला वाट मिळण्यात आहे. थरात शिरलेलं पाणी कडेने बाहेर पडत असेल तर तो पावसात गाडी धरून ठेवतो. पडत नसेल तर तुम्ही रस्त्यावर ४० मिमी खोलीची टाकी बांधलीत, आणि तिच्यावरून माणसांना ८० च्या वेगाने पाठवताय. मिक्स डिझाइन, खडी, डांबर हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण मी बिघडलेली जी कामं पाहिली त्यातली बहुतेक पाण्याच्या वाटेवर बिघडली.

मी २७ वर्षं डांबरी कामांत आहे, त्यातली ३ नेदरलँड्समध्ये गेली. तिथे या थराला 'झोआब' म्हणतात. मूळ शब्दांचा अर्थ 'अतिशय मोकळं डांबरी काँक्रीट'. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी तो मुख्यतः आवाज कमी करण्यासाठी घ्यायला सुरुवात केली आणि आज तिथल्या मोटरवेच्या सुमारे ९० टक्के लांबीवर तोच आहे. पावसात नेहमीच्या दाट डांबरावरून गाडी झोआबवर शिरली की पुढच्या ट्रकच्या चाकांमागचा धुक्यासारखा फवारा एकदम खाली बसतो, ट्रकचे लाल दिवे स्पष्ट दिसू लागतात आणि टायरचा चपचपाट थांबतो. पहिल्यांदा हे अनुभवलं तेव्हा मला आपले घाटरस्ते आठवले होते. म्हणूनच हा थर आपल्याकडे नीट घातला जावा असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच तो कुठे घालू नये हेही सांगणार आहे.

घसरण्याचं कारण आधी नीट पाहू. रस्त्याच्या पृष्ठभागाला दोन प्रकारचा खरखरीतपणा असतो. एक खडीच्या प्रत्येक दाण्याच्या अंगचा, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक; अंगठा फिरवला तर पॉलिश पेपरसारखा लागतो. ओल्या रस्त्यावर टायर आणि दगड यांच्यात उरलेली पाण्याची शेवटची पातळ साय हाच फोडतो. दुसरा दाण्यादाण्यांमधल्या खाचांचा, अर्ध्या मिलिमीटरपासून पुढे डोळ्यांना दिसणारा. टायरखालचं मुख्य पाणी या खाचांतून बाजूला पळतं. कमी वेगाला पहिल्यावर भागतं. वेग वाढला की पाण्याला पळायला वेळ मिळत नाही आणि दुसरा नसेल तर पहिला निरुपयोगी होतो.

वेळ किती कमी असतो ते बघा. ताशी ९० किमी म्हणजे सेकंदाला २५ मीटर. कारच्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग सुमारे १५ सेंमी लांब. म्हणजे रस्त्यावरच्या एका बिंदूवरून तो एका सेकंदाच्या हजार भागांपैकी फक्त ६ भागांत निघून जातो. तेवढ्यात पाणी हटलं नाही तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टीअरिंग, ब्रेक काहीच हातात राहत नाही. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर चाचण्या करून एक साधं सूत्र दिलं: टायरमधल्या हवेच्या दाबाचं, पीएसआयमध्ये, वर्गमूळ काढा आणि १०.३५ ने गुणा. तरंगायला लागण्याचा वेग मैलांत मिळतो. ३० पीएसआयला तो ताशी सुमारे ९१ किमी येतो, २५ ला ८३. पाणी टायरच्या खाचांत मावणार नाही इतकं साचलेलं असताना हे लागू पडतं. तुमच्याकडे वेगमर्यादा ८० आहे आणि घाट उतरून मोकळा रस्ता दिसला की लोक किती वेगाने जातात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. टायर गुळगुळीत किंवा हवा कमी असलेल्या गाड्या अशा ठिकाणी आधी जातात.

सच्छिद्र थरात १८ ते २२ टक्के पोकळी असते आणि ती एकमेकींना जोडलेली असते. टायरने दाबलेलं पाणी खाली आणि बाजूला शिरतं, त्याला दाण्यापासून दाण्यापर्यंत एवढंच जायचं असतं. फायदा इथे आहे.

आता एक हिशोब, जो सल्लागाराच्या अहवालात सहसा नसतो. ४० मिमी जाडी आणि २० टक्के पोकळी म्हणजे थरात ८ मिमी पाणी मावतं. ताशी ५० मिमीची सर आली तर तो १० मिनिटांत भरतो. मग कडेने किती वाहून जातं? थराची पाणी वाहून नेण्याची क्षमता दिवसाला १०० मीटर धरा. मिक्स डिझाइनमध्ये किमान इतकी मागतात. कॅम्बर, म्हणजे रस्त्याचा आडवा उतार, २.५ टक्के. १०० गुणिले ०.०२५ गुणिले ०.०४ म्हणजे दर मीटर लांबीमागे दिवसाला ०.१ घनमीटर, १०० लिटर. ७ मीटर रुंदीवर ताशी १ मिमी पाऊस पडला तर त्याच मीटरभर लांबीवर दिवसाला १६८ लिटर पडतात. म्हणजे हा थर आतून ताशी जेमतेम ०.६ मिमी पाऊस सतत वाहून नेऊ शकतो. क्षमता चौपट मिळाली तरी अडीच मिमीच्या आतच.

हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी तो पुन्हा पुन्हा तपासला होता. कोकणातल्या जुलैच्या धारेत हा थर भरतो आणि जादा पाणी पृष्ठभागावरूनच कडेला जातं. तरीही तो उपयोगी आहे, कारण भरलेल्या थरातही टायरच्या दाबाखाली पाण्याला शेजारच्या पोकळीत सरकायला जागा असते. शिवाय पाऊस थांबल्यावर पृष्ठभाग लवकर मोकळा होतो, आणि रिपरिप चालू असताना, जेव्हा चालकाला धोका जाणवत नाही, तेव्हा तो जवळजवळ कोरडा राहतो. फक्त 'हा थर टाकला की रस्त्यावर पाणीच दिसणार नाही' असं वरिष्ठांना किंवा गावकऱ्यांना सांगू नका. आणि कॅम्बर? तो दाट डांबरापेक्षा इथे जास्त कडक पाळावा लागतो.

उतारामुळे आणखी एक गोष्ट होते. रस्त्याचा लांबीतला उतार ५ टक्के आणि कॅम्बर २.५ टक्के असेल तर पाणी सरळ कडेला न जाता तिरकं जातं, आणि ७ मीटर रुंदीसाठी त्याला साडेपंधरा मीटरहून जास्त प्रवास करावा लागतो. त्यातलं बरंच पाणी थरातूनच खाली खाली येत राहतं. खालच्या टोकाला जिथे सच्छिद्र थर संपून दाट डांबर लागतं तिथे ते झऱ्यासारखं वर येतं. पाऊस थांबून तास झाला तरी त्या सांध्यावर ओल दिसते. म्हणून टोकाला आडवी चर किंवा जाळीचं गटार आराखड्यात आधीच दाखवा.

कार्पेटच्या गैरसमजाकडे येतो, कारण तुमच्या ठेकेदाराने तो प्रामाणिकपणे सांगितला असणार. आपल्याकडे ओपन ग्रेडेड प्रीमिक्स कार्पेट म्हणजे २० मिमीचा थर, साध्या डांबरातला, आणि वर सीलकोट. तो मोकळा असतो आणि त्यात पाणी शिरून खालचा रस्ता खराब होऊ नये म्हणूनच सीलकोट मारतात. त्याच्या मोकळेपणाची कोणी रचना केलेली नसते. ओजीएफसीत पोकळी जाणीवपूर्वक ठेवलेली, मोजलेली असते. खडी दगडाला दगड टेकून उभी असते. आणि त्या उघड्या सांगाड्याला वर्षानुवर्षं धरून ठेवायला पॉलिमर मिसळलेल्या डांबराचं जाड कवच लागतं. नुसतं सीलकोटशिवायचं कार्पेट टाकलंत तर पहिल्याच पावसाळ्यात खडी उडायला लागेल. उलटंही होतं. एका कामावर देखरेखीला असलेल्या माणसाने नवा थर 'फार उघडा दिसतोय' म्हणून काळजीने त्यावर सीलकोट मारून घेतला. हेतू चांगला होता. थर तिथेच मेला. तुमच्या मेस्त्रींना आणि रोलरवाल्याला काम सुरू होण्याआधी अर्धा तास बसवून हा फरक समजावा. या थरासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं वेगळं मानक आहे, आयआरसी:१२९-२०१९. निविदेत त्याचा उल्लेख नावानिशी असू द्या, म्हणजे नुसत्या 'ओपन ग्रेडेड' शब्दावर वाद होणार नाही.

खडी. रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये डांबरी काँक्रीटच्या वरच्या थराला पॉलिश्ड स्टोन व्हॅल्यू (पीएसव्ही, चाकांनी घासूनही दगड किती खरखरीत राहतो याचं माप) किमान ५५ मागितली आहे. इथे त्याखाली अजिबात येऊ नका. आपला सह्याद्रीचा काळा दगड डांबराला चांगला धरतो, ग्रॅनाइटपेक्षा बरा. पण सगळा काळा दगड सारखा नसतो. एकाच खाणीत वरचा थर ठिसूळ, पांढऱ्या ठिपक्यांचा (ते झिओलाइट असतं) आणि खालचा घट्ट, एकसंध, असं हमखास दिसतं. क्रशरवर जाऊन ढिगाऱ्यातली मूठभर खडी ओली करून उन्हात बघा, ठिपके लगेच कळतात. तसला माल परत पाठवा. पाणी शोषण २ टक्क्यांच्या आत हवं. चपटी आणि लांबट खडी मिळून मी ३० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही, कारण या थरात सगळा भार दाण्यांच्या टेकण्यावर आहे आणि चपटा दाणा रोलरखाली मोडतो. मोडलेल्या दाण्याची उघडी बाजू डांबराविना राहते आणि खडी सुटायची सुरुवात तिथूनच होते.

श्रेणीसाठी, म्हणजे लहानमोठ्या खडीच्या प्रमाणासाठी, १२.५ मिमीच्या मिश्रणात १९ मिमीच्या चाळणीतून सगळं, १२.५ मधून ८५ ते १००, ९.५ मधून ५५ ते ७५, ४.७५ मधून १० ते २५, २.३६ मधून ५ ते १० आणि ७५ मायक्रॉनमधून २ ते ४ टक्के, हा अमेरिकेतल्या नव्या पिढीच्या ओजीएफसीचा प्रचलित पट्टा आहे. यात ४.७५ ची चाळणी निर्णायक. क्रशरवाल्याच्या १० मिमी खडीत कच जास्त आली की ही टक्केवारी २५ च्या पुढे जाते आणि पोकळी झपाट्याने भरते. प्लांटवर रोज सकाळी माल सुरू होण्याआधी हीच एक चाळणी लावली तरी अर्धी चिंता मिटते.

डांबर साधं, नेहमीच्या व्हीजी-३० प्रतीचं, चालणार नाही. पॉलिमर मॉडिफाइड घ्या. प्रमाण मिश्रणाच्या ६ टक्क्यांच्या आसपास येईल. डच लोकांनी सुरुवातीला साडेचार टक्क्यांच्या आसपास डांबर घेतलं होतं. खडी लवकर सुटते हे पाहून पुढे ते सुमारे एक टक्क्याने वाढवलं आणि आयुष्य वाढलं. पण जाड कवचाचा गरम माल डंपरमध्ये असताना डांबर ओघळून तळाशी जातं. ते अडवायला सेल्युलोज फायबर, मिश्रणाच्या वजनाच्या ०.३ टक्के. फिलरमध्ये, म्हणजे बारीक भुकटीत, हायड्रेटेड लाइम (विरवलेला चुना) असू द्या. पाण्यात सतत राहणाऱ्या थराला त्याचा मोठा आधार असतो.

प्रयोगशाळेत चार गोष्टी बघा. पोकळी १८ टक्क्यांहून कमी नको. जाळीच्या टोपलीत सुटं मिश्रण प्लांटच्या तापमानाला तासभर ठेवून ओघळलेलं डांबर ०.३ टक्क्याच्या आत हवं. कँटाब्रो चाचणी, जी स्पेनमधल्या कांताब्रिया विद्यापीठातून आली: मार्शल पद्धतीने ठोकून बनवलेला नमुना लॉस एंजेलिसच्या (खडीची झीज मोजण्याच्या) ड्रममध्ये लोखंडी गोळे न घालता ३०० फेरे फिरवायचा, झीज २० टक्क्यांच्या आत, उष्णतेने जुना केलेल्या नमुन्याची ३० च्या आत. आणि ओल्या-कोरड्या ताण-बळाचं गुणोत्तर किमान ८० टक्के. मार्शल स्टॅबिलिटी (नमुना किती भार सोसतो ते) इथे निकष नाही. ती कमी येणारच. ती वाढवायच्या नादात कोणी कच वाढवली तर मिश्रण हातचं गेलं.

पोकळी मोजण्यातली चूक फार ठिकाणी होते म्हणून वेगळी सांगतो. नेहमीच्या पद्धतीने नमुना पाण्यात बुडवून, पुसून, वजन करतात. सच्छिद्र नमुन्यात पाणी आतपर्यंत शिरतं आणि बाहेर काढताच टपटप गळून जातं. त्यामुळे घनफळ चुकतं आणि पोकळी खूपच कमी दिसते. मी २० टक्क्यांचे नमुने अहवालात १२-१३ टक्के म्हणून आलेले पाहिलेत आणि त्यावरून चांगलं मिश्रण 'सुधारलं' गेलेलंही. व्हर्नियरने व्यास आणि उंची चार-चार ठिकाणी मोजा, घनफळ गणिताने काढा.

खालच्या थराबद्दल. तो दाट आणि पाणी न शोषणारा हवा, कारण यापुढे तो वर्षातले चार महिने पाण्याखाली असणार आहे. चाकोऱ्या पडल्या असतील तर आधी समतल करा. नाहीतर त्या चाकोऱ्यांत पाणी साचून राहील आणि वरून दिसणारही नाही. भेगा भरा. टॅककोट (दोन थर चिकटवणारा डांबराचा पातळ फवारा) नेहमीपेक्षा सढळ हाताने, एकसारखा, स्प्रेअरने. झाऱ्याने शिंपडलेला नको. हा टॅककोट चिकटवण्याबरोबर खालच्या रस्त्याचं पाण्यापासून रक्षणही करतो. आणि ओजीएफसीची जाडी रस्त्याच्या मजबुतीच्या हिशोबात धरू नका.

टाकताना माल प्लांटवरून तासाभरात पेव्हरपर्यंत, म्हणजे माल पसरणाऱ्या यंत्रापर्यंत, पोचला पाहिजे. डंपरच्या पाळण्यात डिझेल मारायची सवय या कामापुरती बंद करा. डिझेल लागलेलं डांबर पातळ होतं आणि तिथे नंतर वीतभर गोल खड्डा पडतो. डंपर उचलला की तळाकडे नजर ठेवा. शेवटचा माल चकचकीत, तेलकट काळा आणि आधीचा मळकट तपकिरी दिसला तर डांबर ओघळलंय. तो डंपर परत. असा माल पसरला तर एका जागी डांबराचा डाग आणि शेजारी कोरडी खडी असे पट्टे पडतात.

पेव्हर थांबू देऊ नका, रेक कमीत कमी मारा. रोलर ८ ते १० टनी, लोखंडी चाकांचा, कंपन बंद ठेवून, पेव्हरच्या अगदी मागे, दोन ते चार फेऱ्या. दाट थराला हवा तसा घट्टपणा इथे आणायचा नाही, फक्त दाणे बसवायचे. रबरी चाकांचा रोलर नको, तो डांबर उचलतो आणि वरची तोंडं बुजवतो. उघडा थर लवकर थंड होतो, म्हणून रात्रीचं काम टाळलेलं बरं. दोन पट्ट्यांच्या लांबीतल्या सांध्याच्या उभ्या कडेला डांबर लावू नका. दाट रस्त्यात ती चांगली सवय आहे, इथे तो बांध ठरतो.

आता कड. एका कामाचं सांगतो. माझ्याच देखरेखीखालचं होतं, त्यामुळे चूक माझीही. थर सुंदर पडला होता. मी बादलीभर पाणी मध्यावर ओतलं; दहा सेकंदांत पृष्ठभाग मोकळा, आणि थोड्या वेळाने कडेच्या उघड्या काठातून पाणी पाझरताना दिसलं. सगळे खूश झालो. मी दुसऱ्या साइटवर गेलो आणि साइडपट्टीचं काम करणाऱ्या दुसऱ्या ठेकेदाराने मुरूम डांबराच्या पातळीपर्यंत भरून, पाणी मारून, दाबून घेतला. त्याच्या बिलातल्या बाबीत तसंच लिहिलं होतं. जूनमध्ये तिथे पोचलो तेव्हा कडेपासून मीटरभर रुंदीत थरातून लालसर पाणी वर येत होतं. ट्रकचं चाक पडलं की ते उसळायचं. कोअर, म्हणजे रस्त्यातला गोल नमुना, काढला तर खालची १५ मिमी पोकळी चिखलाने भरलेली, आणि तळाच्या दाण्यांवरचं डांबर नखाने निघत होतं. पहिल्याच पावसाळ्यात हे झालं. दोन महिन्यांनी ती कड खरवडून काढावी लागली.

तेव्हापासून मी आराखड्यात कडेचा छेद मोठ्या आकारात काढून घेतो. डांबराचा काठ पूर्ण उंचीने उघडा, साइडपट्टी सच्छिद्र थराच्या तळापेक्षा खाली, तिला बाहेरच्या बाजूला उतार, आणि काठाला लागून मुरमाऐवजी ४० मिमीची सुटी खडी. जुना थर मधोमध खरवडून त्या खोबणीत ओजीएफसी भरायचा विचार असेल तर तो आजच सोडून द्या. दोन्ही बाजूंना दाट डांबराच्या भिंती राहतात. तो वरून घालायचा थर आहे.

पांढरे पट्टेही विसरू नका. थर्मोप्लास्टिक पट्टा पोकळ्यांत उतरतो आणि कडेची सलग रेघ बांधासारखी पाणी अडवते. रेघेत ठरावीक अंतरावर फटी ठेवायला सांगा. गावाजवळचे आडवे जाड पट्टे या थरावर नकोतच.

हंगामाची गोष्ट फार महत्त्वाची आहे. नव्या थरावर प्रत्येक दाण्याला डांबराचं जाड कवच असतं, त्यामुळे दगडाचा अंगचा खरखरीतपणा झाकलेला असतो. पहिले काही महिने या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तर गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबते, कोरड्यातही. नेदरलँड्समध्ये नव्या झोआबवर 'थांबायला जास्त अंतर लागेल' अशा अर्थाच्या पाट्या लावतात. आपल्याकडे मार्चअखेरचं बिल आणि पावसाआधीची घाई यामुळे असे थर मेमध्ये पडतात, म्हणजे पकड सर्वांत कमी असताना पहिली सर. तुमचं काम डिसेंबर-जानेवारीत बसवा. जूनपर्यंत चाकांखालचं कवच झिजलेलं असेल. तोवर वेगमर्यादा ६० करून पाट्या लावा.

मोजमापाबद्दल इशारा. पकड मोजणाऱ्या पेंडुलम यंत्राच्या झुलत्या हाताचा रबर ताशी सुमारे १० किमी वेगाने घासतो, म्हणून ते मुख्यतः दगडाच्या अंगचा खरखरीतपणा मोजतं. चांगल्या ओजीएफसीचा पेंडुलम आकडा जुन्या रस्त्याइतकाच किंवा नवा असताना कमीही येईल. त्यावरून काम नापास करू नका. वाळूच्या चकतीची चाचणीही (वाळू पसरून खाचांची खोली मोजायची) इथे चालत नाही, वाळू पोकळीत नाहीशी होते. त्याऐवजी पाणी मुरण्याची चाचणी घ्या. जपानमध्ये रस्त्यावर १,००० मिलिलिटर पाणी १५ सेकंदांत मुरावं असा साधा निकष वापरतात. तसं उपकरण कुठलाही फॅब्रिकेटर बनवून देईल. दर १०० मीटरवर, चाकोरीत आणि चाकोरीबाहेर, काम झाल्यावर आणि दर पावसाळ्याआधी व नंतर नोंद ठेवा.

देखभालीत मुख्य शत्रू चिखल. वेगवान वाहतुकीत टायर पाणी दाबतो आणि ओढतो, त्यातून चाकोरी आपोआप धुतली जाते. म्हणून झोआबवरची कडेची आपत्कालीन मार्गिका, जिथे गाड्या जात नाहीत, ती मुद्दाम यंत्राने धुवावी लागते. संथ रस्त्यावर ही स्वच्छता होत नाही. खड्डा पडला आणि दाट माल भरावा लागला तर ठिगळ चौकोनी न काढता रस्त्याच्या दिशेला ४५ अंशांत वळवून, पतंगाच्या आकाराचं काढा, म्हणजे पाणी टोकाला अडकण्याऐवजी दोन्ही बाजूंनी वळून जाईल. आणि आयुष्य संपल्यावर यावर सरळ दाट थर टाकायचा नाही, आधी खरवडून काढायचा.

आणखी एक, जे मला अस्वस्थ करतं. डच अभ्यासांत दिसलं की पावसात फवारा नसला, रस्ता कोरडा वाटला की लोक वेग वाढवतात, आणि मिळालेल्या सुरक्षिततेतला बराच भाग तिथेच खर्च होतो. म्हणून थराबरोबर वेगनियंत्रण ठेवाच.

तुमच्या १.८ किमीसाठी मी हे करीन. आधी या पावसात दोन दिवस तिथे उभं राहून पाणी कुठून येतं ते बघा. डोंगराकडचं गटार तुंबून लाल पाणी रस्ता ओलांडत असेल तर पहिले पैसे गटारावर आणि मोरीवर खर्च करा. ते झाल्याशिवाय ओजीएफसी म्हणजे चिखलाची गाळणी. घाटाचं शेवटचं तीव्र वळण ओजीएफसीतून वगळा: तिथे वेग कमी, ट्रक वळताना चाकं पृष्ठभागाला पिळतात आणि उघडी खडी सुटते. तिथे जास्त पीएसव्हीच्या खडीचं स्टोन मॅट्रिक्स अस्फाल्ट, म्हणजे दगडाला दगड टेकलेला पण दाट थर, टिकेल. पैसे असतील तर त्या तेवढ्या लांबीवर इपॉक्सीत बसवलेल्या भाजलेल्या बॉक्साइटच्या दाण्यांचा थर. मधला वेगाचा सरळ पट्टा आणि लांब वळण, विशेषतः सुपरएलिव्हेशन (वळणावर रस्त्याला दिलेला एकतर्फी उतार) एका बाजूकडून दुसरीकडे वळताना आडवा उतार जिथे शून्य होतो ती जागा, हे ओजीएफसीचं खरं ठिकाण. गावाच्या फाट्याच्या अलीकडे १५० मीटरवर थर संपवा. तिथे ट्रॅक्टर शेतातून केज व्हील (चिखलणीची लोखंडी जाळीची चाकं) लावून रस्त्यावर येतात, चाकांबरोबर चिखल येतो, चिरा भरलेले ट्रक थांबतात. संपतो तिथे आडवं गटार.

पूर्ण काम सुरू करण्याआधी १०० मीटरचा चाचणी पट्टा टाका आणि कडेचा छेद त्यातच करून बघा. पाणी ओतल्यावर ते काठातून बाहेर येताना तुम्ही, ठेकेदार आणि साइडपट्टीवाला अशा तिघांनी एकत्र पाहा. आणि साइडपट्टीची बाब निविदेत आजच बदलून घ्या. 'डांबराच्या पातळीपर्यंत' हे शब्द तिथे असतील, ते काढा.